जीएसटी गेला, तरी हप्ता वर्षभरात तिथेच! आईबाबांच्या मेडिक्लेमचं काय करायचं?

सायली_मिरज | ३० जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. विषय बहुतेकांच्या घरातला आहे, पण मला अगदी आकड्यांवर बोलायचंय. आई ६३, बाबा ६९, दोघंही मिरजेला. बाबा निवृत्त शिक्षक. दोघांचा मिळून १० लाखांचा फ्लोटर (एकच पॉलिसी, कव्हर दोघांत सामाईक) आहे, खाजगी कंपनीचा. बाबांना २०२३ मध्ये स्टेंट बसवला, आईला थायरॉइड. नूतनीकरण २६ मार्चला. जुन्या पावत्या काढून बसले तर चित्र असं दिसलं:

२०२१ : ३७,०५२
२०२३ : ५०,६२२
२०२४ : ६७,०२४
२०२५ : ७३,७२६

हे सगळे १८% जीएसटी धरून. गेल्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा मी घरी जाहीर करून टाकलं होतं की यंदा अकरा हजार वाचणार. काल नोटीस आली : ६८,७२८. म्हणजे वाचले चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.

का, तर मूळ हप्ता (जीएसटी वगळून) ६२,४८० चा ६८,७२८ केलाय. बरोबर १०%. एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही.

पोर्ट करायचं, म्हणजे जुनी वर्षं धरून कंपनी बदलायची, तर ४५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणजे ९ फेब्रुवारी. हाताशी दहा दिवस आहेत. कृपया 'एसआयपी करा' असं सांगू नका.

---

हिशेबनीस | ३० जानेवारी

सायली, ते बरोबर १०% योगायोगाने आलेलं नाही. ३० जानेवारी २०२५ ला, म्हणजे आजच्याच तारखेला गेल्या वर्षी, इर्डाने (विमा कंपन्यांवरचं सरकारी नियामक मंडळ) आदेश काढला : साठीच्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १०% पेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला. हेतू चांगला होता. २०२४ मध्ये तुमच्याकडे किती उडी घेतलीय ते वर तुम्हीच लिहिलंय. पण 'जास्तीत जास्त १०' असं लिहिलं की ते 'दरवर्षी १०' कधी होतं ते कळत नाही. रिक्षाच्या किमान भाड्यासारखं.

आता पुढचा हिशेब. ६८,७२८ वर पुढच्या मार्चमध्ये आणखी १०% म्हणजे ७५,६००. गेल्या वर्षी जीएसटीसकट भरलेत त्याहून जास्त. सोपं आहे, १.१ गुणिले १.१ म्हणजे १.२१, आणि कर होता १.१८. कर एकदाच गेला, वाढ दरवर्षी येणार. दोन नूतनीकरणांत सवलत संपली.

---

सायली_मिरज | ३० जानेवारी

हे मी मांडलंच नव्हतं. छान. आता झोप येणार नाही.

---

विमा_एजंट_पण_माणूस | ३० जानेवारी

शिव्या खायला तयार होऊन लिहितोय. १७ वर्षं या धंद्यात आहे.

जीएसटी शून्य झाला याचा दुसरा अर्थ असा, की कंपनी स्वतः भाडं, सॉफ्टवेअर, कमिशन यांवर जो जीएसटी भरते त्याचा परतावा आता तिला मिळत नाही. तो खर्च कुठून तरी निघणारच. काही कंपन्यांनी पहिला हात आमच्या कमिशनला घातला. त्यामुळे 'एजंटाने खाल्ले' असं कोणी म्हणणार असेल तर यंदा तरी थांबा.

सायलीताई, पोर्टचा अर्ज नक्की द्या, पण आशा बेताची ठेवा. १ एप्रिल २०२४ पासून वयाची अट गेली हे खरं, आता सत्तरीतल्या माणसालाही नवी पॉलिसी मागता येते. मागता येते. द्यायचीच असं बंधन कंपनीवर नाही. स्टेंट म्हटलं की फाईल बाजूला पडते. आणि जुनी पॉलिसी नव्या कंपनीचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत सोडू नका. मुदतीत पैसे भरा. हे मी दर वर्षी दहा जणांना सांगतो आणि एक जण तरी ऐकत नाही.

---

कडुलिंब | ३० जानेवारी

मी २०२२ मध्ये आईची पॉलिसी बंद केली. तेव्हा ४४ हजार मागत होते. तेवढे दर वर्षी वेगळ्या एफडीत टाकतो. चार वर्षांत व्याज धरून दोन लाखांच्या आसपास झाले. माझेच पैसे, कुठल्या टीपीएच्या (कंपनीसाठी क्लेम हाताळणारे मधले) हातापाया पडायला नको.

---

अण्णा६२ | ३० जानेवारी

कडुलिंबराव, दोन लाखांत हल्ली आयसीयूचे किती दिवस होतात ते एकदा चौकशी करून या. तुमचं गणित देव करो आणि कायम बरोबर राहो.

---

कडुलिंब | ३० जानेवारी

मान्य. पण अण्णा, पॉलिसी असूनही माणूस पैसे भरतोच ना? सायली, बाबांच्या स्टेंटच्या वेळी सगळे मिळाले का?

---

सायली_मिरज | ३१ जानेवारी

नाही. बिल ३ लाख ४२ हजार, मिळाले २ लाख ७१. तेव्हाच्या पॉलिसीत खोलीला दिवसाला ५,००० ची मर्यादा होती. मर्यादेत बसणारी खोली रिकामी नव्हती म्हणून आम्ही ७,५०० ची घेतली. मला वाटलं दिवसाचे अडीच हजार खिशातून जातील. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, कॅथलॅब, नर्सिंग, सगळंच दोन-तृतीयांश धरलं. नंतर ती मर्यादा काढून टाकायला जादा पैसे भरले, २०२४ च्या उडीत तोही भाग आहे. हे लिहायला हवं होतं, राहिलं.

---

हिशेबनीस | ३१ जानेवारी

खोलीच्या प्रमाणात कपात. हा सापळा फार जणांना माहीत नसतो. त्यात एवढं लक्षात ठेवा : औषधं, स्टेंटसारखी बसवलेली वस्तू आणि तपासण्या यांवर अशी कपात लावता येत नाही, आणि आयसीयूच्या आकारावरही नाही. तुमच्या सेटलमेंटच्या कागदात स्टेंटच्या किमतीला कात्री लावलीय का ते बघा. लावली असेल तर ती चूक आहे.

---

डॉ_खेडेगाव | ३१ जानेवारी

तालुक्याच्या गावी माझं २० खाटांचं रुग्णालय आहे. धाग्यावर सगळा राग कंपनीवर निघतोय, अर्धा आमच्यावर निघेल म्हणून आधीच येतो.

एका कंपनीबरोबर माझा कॅशलेसचा करार २०१९ च्या दरांवर आहे. हर्नियाला तेव्हा ठरलेला आकडा आजही तोच. परिचारिकेचा पगार, ऑक्सिजन, वीज, काहीच २०१९ चं राहिलं नाही. झालेल्या कामाचे पैसे यायला अडीच-तीन महिने. तुमचा प्रीमियम दुप्पट झाला म्हणता, तर ते पैसे माझ्यापर्यंत पोचलेले नाहीत एवढं शपथेवर सांगतो. त्यामुळे मी दोन कंपन्यांचं कॅशलेस बंद केलं. पेशंट पैसे भरतो आणि नंतर क्लेम करतो. त्याला त्रास होतो, माहीत आहे.

---

रंकाळा | ३१ जानेवारी

डॉक्टर, छोट्या रुग्णालयांचं तुमचं म्हणणं पटतं. पण शहरातल्या मोठ्यांचं काय? जनरल वॉर्डात एक फी, स्पेशल रूममध्ये त्याच ऑपरेशनची दीडपट. सर्जन तोच, भूल देणारा तोच, सुरी तीच. खोलीत एसी आहे म्हणून अपेंडिक्स महाग कसं होतं?

---

डॉ_खेडेगाव | ३१ जानेवारी

याचं समर्थन मी करणार नाही. वर्षानुवर्षांची पद्धत आहे, वरच्या खोलीतल्याने खालच्याचा भार उचलायचा अशी. पूर्वी त्यात थोडा धर्म होता, आता नुसता हिशेब उरलाय.

---

हिशेबनीस | १ फेब्रुवारी

मला वाटतं धाग्याचा खरा मुद्दा इथे आहे. इर्डाचा हात फक्त विमा कंपनीपर्यंत पोचतो. प्रीमियम किती वाढवायचा, क्लेम किती तासांत मंजूर करायचा, वेटिंग (जुन्या आजाराला कव्हर सुरू होईपर्यंतचा काळ) किती वर्षं, सगळे नियम त्या बाजूचे. रुग्णालयाने बिल किती लावायचं यावर इर्डाला काही बोलता येत नाही, तो राज्याचा विषय. राज्यात अजून १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलाच नाही. २०२१ मध्ये नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आली, दरपत्रक लावणं बंधनकारक झालं. पण दर *दाखवायचे* आहेत, किती असावेत ते कुणी ठरवलेलं नाही.

म्हणजे बादलीच्या एका अंगाला १०% ची चिकटपट्टी लावलीय आणि नळ चालूच.

---

अण्णा६२ | १ फेब्रुवारी

ते दरपत्रक मी पाहिलंय. झेरॉक्स मशीनच्या मागे, कुंडीच्या वर.

---

निवृत्त_रोखपाल | १ फेब्रुवारी

आम्हा बँकवाल्या पेन्शनरांचंही ऐका. आमची सामूहिक पॉलिसी, निवृत्तांनी आपापल्या खिशातून भरायची. सप्टेंबरात टीव्हीवर 'विम्यावरचा जीएसटी रद्द' पाहून सोसायटीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग कळलं की माफी वैयक्तिक पॉलिसीला, सामूहिकला १८% कायम. नोकरीतल्या माणसाची सामूहिक पॉलिसी कंपनी भरते, तिथे कर ठेवला तर समजू शकतो. आम्ही ७२ वर्षांचे, पेन्शनीतून भरतो, आम्ही 'ग्रुप' कसले? सकाळी बागेत फिरायला जातो तेवढाच आमचा ग्रुप.

पुन्हा आयकराचं ८०डी कलम, विम्याच्या हप्त्यावरची वजावट. ज्येष्ठांना ५०,००० पर्यंत वजावट, पण फक्त जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत ती नाहीच. माझं उत्पन्न नव्या पद्धतीत करमुक्त बसतं, त्यामुळे तक्रार करू तर कुठल्या तोंडाने? पण मग प्रीमियम हा सगळाच्या सगळा खर्च.

---

ह्यूस्टनवाला | १ फेब्रुवारी

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, अनुभवाची भर. मी ६०, बायको ५८. नोकरी सोडून छोटा व्यवसाय करतो, त्यामुळे विमा २०१० च्या कायद्याने आलेल्या बाजारातून, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात. २०२१ पासून वाढीव सरकारी मदत होती, उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त हप्ता पडू द्यायचा नाही अशी. ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. आता जुना कडा परत आला : दोघांच्या घराचं उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या वर एक डॉलर जरी गेलं तरी मदत शून्य. याच मुद्द्यावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकार सहा आठवडे बंद होतं. आमचा हप्ता जानेवारीपासून अडीचपट झाला. मी यंदा उत्पन्न मुद्दाम कड्याच्या आत ठेवायला दोन कामं नाकारलीत. आयुष्यात पहिल्यांदा काम नाकारण्याचा हिशेब करतोय.

पण एक गोष्ट सांगण्यासारखी. इथे कायद्याने जुन्या आजारासाठी विमा नाकारता येत नाही, जास्त पैसेही लावता येत नाहीत. आणि वयस्कर माणसाचा दर २१ वर्षांच्या तरुणाच्या तिपटीहून जास्त ठेवता येत नाही. सायली, तुमच्या बाबांना इथे स्टेंटसाठी कुणी 'नाही' म्हणालं नसतं. फक्त आकडा ऐकून त्यांनीच 'नको' म्हटलं असतं.

---

म्हापशेकर | २ फेब्रुवारी

गोव्यातून राम राम. आमच्याकडे राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा आहे, २०१६ पासून, पाच वर्षांचा रहिवास असला की कार्ड. माझ्या वडिलांचं बरंच काम बांबोळीच्या जीएमसीत (सरकारी मेडिकल कॉलेज) झालं. गर्दी असते, रांग असते, पण डॉक्टर उत्तम. मिरजेला तुमच्याकडेही सरकारी मेडिकल कॉलेज आहे ना?

---

सायली_मिरज | २ फेब्रुवारी

आहे, आणि चांगलं आहे. आमच्या शेजारच्या काकांची अँजिओप्लास्टी राज्याच्या महात्मा फुले योजनेत झाली, एक रुपया लागला नाही. मला वाटायचं ती पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांसाठी.

---

अण्णा६२ | २ फेब्रुवारी

होती तशी. २०२३ च्या जूनमध्ये निर्णय झाला आणि पांढरं रेशनकार्ड असलेलेही आले. दीड लाखाचे पाच लाख झाले. शिवाय सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड, २९ ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी मिळतं. वर्षाला पाच लाख. माझं आणि हिचं काढलंय, दोघांत मिळून पाच. फक्त आधी यादी बघायची : आपलं रुग्णालय त्यात आहे का, आणि आपला आजार त्या रुग्णालयात त्या योजनेखाली करतात का. दुसरं विचारायचं लोक विसरतात आणि मग दारात भांडतात.

---

कडुलिंब | २ फेब्रुवारी

मग प्रीमियम भरायचाच कशाला?

---

अण्णा६२ | २ फेब्रुवारी

कारण मला ज्या डॉक्टरकडे जायचंय ते यादीत नाहीत. हौस आहे म्हणा. परवडतंय तोवर.

---

रंकाळा | ३ फेब्रुवारी

नियम बदलून खरोखर फायदा झाला अशी माझी गोष्ट, म्हणजे धागा अगदीच काळवंडायला नको.

पॉलिसी जून २०१८ ची. फेब्रुवारी २०२५ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन, २ लाख १८ हजार. क्लेम नाकारला : 'तुम्हाला २०१६ पासून रक्तदाब होता, फॉर्मवर लिहिला नाही.' खरं होतं. फॉर्म भरणाऱ्याने 'बीपी सगळ्यांनाच असतं' म्हणून रिकामं सोडलं आणि मी न वाचता सही ठोकली. माझा गाढवपणा.

पण १ एप्रिल २०२४ पासून मोरेटोरियम आठ वर्षांचं पाच झालंय. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. माझी साडेसहा वर्षं झाली होती. जुन्या नियमात मेलो असतो. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. तीस दिवसांत धड उत्तर नाही, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज. फी नाही, वकील नाही. सुनावणी व्हिडिओवर, वीस मिनिटं. पाच महिन्यांत पूर्ण पैसे. नकाराचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं, एवढी तारीख सांभाळा.

ते आमच्या पित्ताशयाचा रक्तदाबाशी काय संबंध, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

---

तांबटपक्षी | ३ फेब्रुवारी

वाचतेय. कॅशलेस एका तासात आणि डिस्चार्ज तीन तासांत हा नियम कुणाच्या अनुभवाला आलाय का? आमच्याकडे सासऱ्यांना डॉक्टरांनी सकाळी ११ ला 'घरी जा' म्हटलं, आम्ही संध्याकाळी साडेसातला निघालो. कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते बिचारे. जेवण पण नाही, कारण डिस्चार्ज झालेल्याला ताट येत नाही.

---

विमा_एजंट_पण_माणूस | ३ फेब्रुवारी

तीन तास मोजायला सुरुवात होते ती रुग्णालयाने कंपनीला अंतिम बिल पाठवल्यापासून. डॉक्टरांनी 'घरी जा' म्हटल्यापासून नाही. बिलिंग विभागाने ते चारला पाठवलं असेल तर कंपनी नियमात बसते. उशीर कंपनीचा असेल तर त्या काळाचा जादा आकार कंपनीने सोसायचा, २९ मे २०२४ च्या परिपत्रकात तसं आहे. पुढच्या वेळी 'बिल किती वाजता पाठवलं' हे लेखी विचारा. काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बदलतो.

---

डॉ_खेडेगाव | ३ फेब्रुवारी

आणि ताट द्यायला सांगा हो. त्याला कुठल्या परिपत्रकाची गरज नाही.

---

हिशेबनीस | ४ फेब्रुवारी

सायली, तुमच्यापुढचे मार्ग लिहितो. एक, मूळ कव्हर ५ लाखांवर आणून वर सुपर टॉप-अप (त्या ५ लाखांपुढचा खर्च उचलणारी पॉलिसी) घ्यायचा. स्वस्त पडतं, पण सुपर टॉप-अप म्हणजे नवी पॉलिसी, हृदयाच्या बाबतीत वेटिंग नव्याने सुरू, तीन वर्षांपर्यंत. तोवर बाबांसाठी हातात ५ लाखच. मी हे करणार नाही. दोन, आईला वेगळं काढायचं. फ्लोटरमध्ये सगळ्यात मोठ्या वयावर दर लागतो, आई बाबांच्या वयाचे पैसे भरतायत. थायरॉइडवाल्या ६३ वर्षांच्या बाईंना पोर्टमध्ये घ्यायला कंपन्या एवढ्या कुरकुरत नाहीत.

---

सायली_मिरज | ८ फेब्रुवारी

दोन्ही अर्ज केले. दोघांचा एकत्र एका कंपनीकडे, आईचा एकटीचा एका सरकारी कंपनीकडे. बाबांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी तिसऱ्या दिवशी वही काढली. २००९ पासूनचे सगळे हप्ते लिहिलेत. बेरीज मात्र केलेली नाही. म्हणाले, 'कशाला करायची?'

---

सायली_मिरज | २७ मार्च २०२६

धागा वर काढतेय, काय झालं ते सांगायला.

एकत्र अर्ज नाकारला. कारण एका ओळीत, स्टेंट. आईचा सरकारी कंपनीत मंजूर झाला, ५ लाखांचा, जुनी वर्षं धरून, म्हणजे वेटिंग नाही. बाबा जुन्याच कंपनीत एकटे, १० लाख. बाबांचे ४६,३०० आणि आईचे २१,४५०. मिळून ६७,७५०.

दोन महिने, चौदा फोन, आईच्या दोन रक्ततपासण्या आणि मिरज-सांगली चार खेपा करून ९७८ रुपये वाचले. हिशेबनीस, हसू नका. आता आईचा हप्ता बाबांच्या वयावर चढणार नाही, आणि एकाने कव्हर संपवलं तर दुसरा उघडा पडणार नाही, एवढं पदरात पडलं. कागद चाळताना स्टेंटच्या किमतीलाही तेव्हा कात्री लावल्याचं दिसलं. पत्र २०२३ चं, म्हणजे लोकपालांची मुदत बहुधा गेली. कंपनीला लिहिलंय, बघू.

वय वंदना कार्डाचंही विचारून आले. बाबांचा खरा जन्म नोव्हेंबरातला, पण शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावला, आणि आधारवर तोच आहे. त्यापायी ते पाच महिने आधी निवृत्त झाले होते. आई अजून त्या पाच पगारांबद्दल बोलते. आता त्याच १ जूनला सरकारदरबारी सत्तर पूर्ण, म्हणजे कार्डही पाच महिने आधी. बाबांनी वहीत शेवटच्या हप्त्याखाली तारीख लिहून ठेवलीय.

---

अण्णा६२ | २७ मार्च

सरांना सांगा, २ जूनला जा. १ तारखेला आमची निम्मी पिढी तिथे रांगेत असेल.